इस्त्रीखालचा सेनापती

वहिनी लग्न होऊन या घरात आल्या तेव्हा घरात नवऱ्याखेरीज दोन प्रकारची मंडळी होती. एक नणंद, आणि दुसरे कपाटाच्या खालच्या खणात दाटीवाटीने बसलेले जर्मन सेनापती. नणंदेशी त्यांचं पहिल्या महिन्यातच जमलं. सेनापतींशी जमायला वेळ लागला.

सेनापती म्हणजे त्यांच्या सह्या. कुणाची फोटोवर, कुणाची पोस्टकार्डावर, कुणाची कुठल्याशा हुकुमाच्या तळाशी. दोन्ही महायुद्धांतले जनरल, फील्डमार्शल, नौदलातला एखाददुसरा. नवरोबा भूमापन कार्यालयात नकाशे काढायचे, म्हणून गल्ली त्यांना नकाशेवाले म्हणे. आणि बायकोला, किल्ल्या बनवणाऱ्या म्हाताऱ्यापासून कोपऱ्यावरच्या शिंप्यापर्यंत, सगळे वहिनी. तेव्हा आपणही तेच म्हणू.

नव्या नवरीला नवरा फिरायला नेतो, सिनेमाला नेतो. नकाशेवाल्यांनी खण उघडून दाखवला. वहिनींनी एकेक कागद बघितला आणि म्हणाल्या, "एवढी माणसं मारली, पण सही बघा कशी मोत्याच्या दाण्यासारखी."

"म्हणूनच जमवतो. हुकुमाखाली असते ती हीच सही. सही करताना हात कुठे अडखळलाय का, ते बघत असतो मी."

"मग? अडखळलाय?"

"अजून तरी नाही सापडला."

वहिनींना हे उत्तर पूर्ण पटलं नाही आणि पुढे कधी विसरताही आलं नाही. त्यांनी एकच अट घातली. बाहेरच्या खोलीत यातल्या एकालाही टांगायचं नाही. घरात राहायचं तर राहा, पण आल्यागेल्यासमोर मिरवायचं नाही. अट पाळली गेली. संसार झाला, मुलगी शिकून दुसऱ्या गावी नोकरीला गेली, सेनापती खणातच राहिले.

त्या सगळ्यांत नकाशेवाल्यांचा जीव होता तो पाच पत्रांत. बाकीच्या सह्या विकत आणलेल्या किंवा अदलाबदलीतल्या. ही पत्रं त्यांनी स्वतः कमावलेली. ऐन विशीत, नोकरीला लागल्या लागल्या, डिक्शनरी मांडीवर घेऊन ते जर्मन शिकले आणि दुसऱ्या युद्धातल्या, तेव्हा हयात असलेल्या, पेन्शनीत निघालेल्या म्हाताऱ्या जनरलांना पत्रं लिहू लागले. सही पाठवा म्हणून लिहिणारे जगभर पुष्कळ होते. त्यांना फोटोवर खरडलेलं नाव मिळे आणि विषय संपे. नकाशेवाले सही मागतच नसत. ते विचारत, अमुक लढाईच्या तुमच्या नकाशावर तमुक टेकडीची उंची चुकली होती का? झालं. म्हातारा पेटून उठे. आपण का हरलो याचं कारण कुणीतरी नकाशावर ढकलून देतंय म्हटल्यावर कोण गप्प बसेल? दोन-दोन, तीन-तीन पानं उत्तर येई, हाताने लिहिलेलं, आणि खाली सही असेच. अशी पाच उत्तरं. सह्या जमवणाऱ्यांच्या जगात असल्या ऐवजाला काय मोल असतं ते वहिनींना कळत नसे. पण रात्रीचं जेवण झालं की नवरा त्यातलं एखादं पत्र काढून दिव्याखाली बसे, आणि तेवढा वेळ त्याच्याशी बोलायचं नसे, एवढं त्यांना पक्कं ठाऊक होतं.

आणि आता तीच पाच पत्रं रविवारी घराबाहेर चालली होती.

त्याला कारण अल्बममधली रिकामी चौकट. पहिल्या युद्धातल्या एका आघाडीवरचे सगळे सेनापती नकाशेवाल्यांकडे होते, एक सोडून. त्या एकाची जागा त्यांनी कोपरे चिकटवून, खाली नाव लिहून, वर्षानुवर्षं राखून ठेवली होती. रेल्वेत रुमाल टाकून ठेवावा तशी. आणि गावातले दुसरे सह्यावेडे, दातवाले डॉक्टर, यांना परदेशातून नेमका तोच सेनापती मिळाला. मोठ्या छापील प्रशस्तिपत्राच्या तळाशी, काळ्या शाईत, झोकदार सही. कुठल्याशा सैनिकाला शौर्याबद्दल दिलेलं. वर गरुड, चहूबाजूंनी पानाफुलांची वेलबुट्टी.

"आठवडाभर ठेवा तुमच्याकडे," दातवाले म्हणाले होते. "निवांत बघा. रविवारी मी येतो. हे तुमचं, ती पाच पत्रं माझी."

वहिनी तेव्हा चहा घेऊन आल्या होत्या. त्यांना वाटलं, नवरा आता म्हणेल, डॉक्टर, चहा प्या आणि घरी जा. पण नकाशेवाले म्हणाले, "ठीक आहे." इतक्या सहज, जणू चहात साखर किती एवढंच विचारलं होतं.

नंतर त्यांनी विचारून बघितलं. "अहो, नक्की ना? पाचच्या पाच?"

"चौकट भरायला हवी एकदा."

"इतकी वर्षं रिकामी होती, तर काय अडलं?"

"इतकी वर्षं वेळ होता," ते म्हणाले आणि उठून गेले. वहिनींना वाटलं, वय बोलतंय. या वयात माणसाला कपाटं आवरावीशी वाटतात.

तर ते प्रशस्तिपत्र आलं गुंडाळी होऊन, पुठ्ठ्याच्या नळीतून. आणि ते काही केल्या सरळ होईना. नकाशेवाल्यांनी त्यावर डिक्शनरी ठेवली, अ‍ॅटलास ठेवला, वर पाटा ठेवायचा तेवढा बाकी राहिला. वजन काढलं की कागद हळूहळू वळायचा आणि पुन्हा नळी होऊन बसायचा, रुसलेल्या मुलासारखा पाठ करून. वाकड्या कागदाला अल्बमचे कोपरे धरत नव्हते. तीन दिवस नवरा त्या कागदाभोवती घिरट्या घालत होता.

वहिनी आणि नणंद मिळून घराच्या खालच्या मजल्यावर लाँड्री चालवत. गल्ल्यावर नणंद बसे, कारण तिच्या जिभेपुढे उधारी टिकत नसे. इस्त्रीच्या टेबलाशी वहिनी. जगातल्या कुठल्याही सुरकुतीवर वहिनींकडे एकच औषध होतं. त्यांनी लेकीच्या मार्कशीटला इस्त्री केली होती, भिजलेल्या नोटांना केली होती, एकदा तर शिंप्याच्या घराच्या कागदपत्रांना केली होती आणि तो अजून दुवा देत होता. तेव्हा शुक्रवारी सकाळी नकाशेवाले फिरायला बाहेर पडल्यावर वहिनींनी तो कागद अलगद खाली आणला, हे काही त्यांच्या मते साहस नव्हतं. रविवारी पत्रं जायचीच आहेत तर जाऊ देत, निदान त्यांच्या बदल्यात आलेला पाहुणा तरी ताठ बसू दे, एवढाच हेतू.

टेबलावर जुना स्वच्छ अभ्रा पसरला. त्यावर कागद पालथा. वर मलमलचा तुकडा. इस्त्री आधी अगदी कोमट, रेशमाला ठेवतात तशी. कागद जरासा नमला, पण कडा पुन्हा उचलू लागल्या. मग वहिनींनी बटण थोडं पुढे सरकवलं. मग अजून थोडं. सुतीला लागते तितकी ऊब देऊन त्यांनी एकदा वरून खाली सावकाश हात फिरवला, आणि कागद असा शहाण्यासारखा आडवा झाला की त्यांना स्वतःचंच कौतुक वाटलं.

त्यांनी तो उचलून उलटा केला.

गरुड जागेवर होता. वेलबुट्टी जागेवर होती. सैनिकाचं नाव, तारीख, छापील मजकूर, सगळं जिथल्या तिथे. तळाशी जिथे सेनापती होता तिथे फिकट राखाडी छाया तेवढी उरली होती. आणि खाली अभ्र्यावर, काळाभोर, उलटा, आरशात बघावा तसा, सेनापती निवांत पसरला होता.

वहिनींनी इस्त्री बंद केली. ती आधी बंद करायची हे हाताला ठाऊक होतं म्हणून, नाहीतर डोकं चालत नव्हतंच.

"वन्सं," त्यांनी हाक मारली. "जरा आत या. दार लोटून या."

नणंद आली. तिने कागदाकडे बघितलं, अभ्र्याकडे बघितलं. मग चष्मा पुसून पुन्हा बघितलं.

"हा आपला की दुसऱ्याचा?"

"अभ्रा आपला. कागद दुसऱ्याचा."

"मग वाईट झालं," नणंद म्हणाली आणि स्टुलावर बसली. "दोन युद्धांतून वाचला बिचारा. तुझ्या टेबलावर गेला."

"एकाच युद्धातला होता हा."

"वहिनी, तू पण आता त्याच्यासारखी बोलायला लागलीस." नणंदेने अभ्र्याचं टोक उचलून धरलं. "परत चिकटणार नाही का? अभ्रा कागदावर ठेवून, वरून इस्त्री?"

वहिनींनी हा विचार आधीच करून टाकून दिला होता. "उरलीसुरली पण जाईल."

"मग तू काढ. ब्लाउजवर नमुना उतरवतेस ना पेन्सिलीने, तसं. कोण बघतंय? तो काय येऊन सांगणार आहे, बाई, माझी वेलांटी चुकली म्हणून?"

वहिनी हसल्या नाहीत. पण पेन मात्र त्यांनी घेतलं, खोटं कशाला बोला. पावतीच्या मागच्या कोऱ्या बाजूवर त्यांनी सेनापती गिरवून बघितला. पहिला झाला वाण्याच्या हिशेबातल्यासारखा. दुसरा जरा बरा, पण कुठलीतरी बाई बाजारातून पिशवी घेऊन लगबगीने घरी निघालीय असा दिसत होता. तिसऱ्याला त्यांचा हात मध्येच थांबला. पावती चुरगाळून त्यांनी टोपलीत टाकली.

"नाही व्हायचं माझ्याच्याने," त्या म्हणाल्या. "रविवारी दातवाले येणार. कागद त्यांचा, खराब मी केलाय. त्यांनी परत घेतला नाही तर हा मुका कागद आमच्या गळ्यात आणि पाच पत्रं त्यांच्या घरी. ती गेली म्हणजे यांच्याजवळ काय उरलं?"

"तू आहेस की."

"मी रोजचीच आहे."

नणंदेने अभ्र्याची घडी घालून ती वहिनींच्या हातात दिली. जाता जाता तिने एवढंच म्हटलं, "सांग त्याला. लहानपणी मी त्याचा पतंग फाडला तेव्हा सांगितलं नव्हतं, तर तो अजून ऐकवतो."

नकाशेवाले फिरून आले तेव्हा वहिनी वरच्या खोलीत टेबलाशी बसल्या होत्या. समोर तो सपाट कागद. अभ्रा घडी करून मांडीवर, पदराखाली. काय बोलायचं ते त्यांनी तीनदा ठरवलं होतं आणि तिन्ही वेळा सुरुवात वेगळी झाली होती. बोलायच्या आधीच नकाशेवाल्यांचा हात कागदावर गेला. तळव्याने त्यांनी तो चाचपला.

"अगं, सरळ झाला की!" त्यांचा चेहरा उजळला. "काय केलंस?"

"इस्त्री," वहिनी म्हणाल्या.

"मला सुचायला नको होतं? घरात इस्त्री, आणि मी अ‍ॅटलास ठेवतोय." त्यांनी कागद दोन्ही हातांनी उचलला, खिडकीपाशी नेला, उजेडात धरला. वहिनींनी अभ्रा पदराखाली आणखी आत सरकवला. आता. आता बघतील.

नकाशेवाल्यांनी कागद जरा लांब धरला, जरा जवळ धरला. मान तिरकी केली. "वा," ते म्हणाले. "सही आता कशी उठून दिसतेय."

खाली नणंद कुणालातरी कॉलरचे पैसे वेगळे पडतात म्हणून सांगत होती.

वहिनींना पहिल्या क्षणी वाटलं, चेष्टा करतायत. मग दिसलं की नाही. त्या माणसाला खरोखर आनंद झाला होता. तो तळाच्या राखाडी छायेकडे बघत होता आणि त्याला तिथे सेनापती दिसत होता, कारण तिथे सेनापती आहे हे त्याला माहीत होतं.

मनात आलं नाही असं नाही. गप्प बसलं की सुटलो. यांना दिसत नाही, तर झालंच काय? पण तो विचार पुरता मनात शिरायच्या आधीच दुसरा शिरला होता आणि तो फार मोठा होता. गेले काही महिने हे जिन्यावर कठडा धरून उतरत होते. वर्तमानपत्र 'तूच वाच, माझं ऐकून होतं' म्हणून वहिनींकडे सरकवत होते. रात्री दिव्याखाली पत्र घेऊन बसत होते, पण पान उलटताना वहिनींनी बघितलं नव्हतं कितीतरी दिवसांत.

"अहो," त्या म्हणाल्या, "तिथे सही नाहीये."

"म्हणजे?"

"इस्त्रीने गेली. माझ्या अभ्र्यावर आलीय. तिथे नुसता डाग आहे."

नकाशेवाल्यांनी कागद खाली ठेवला. इतका हळू, की जणू तोच दुखावला असता. मग खुर्ची चाचपून बसले. वहिनी रागाची वाट बघत होत्या. राग आला असता तर बरं झालं असतं.

"केव्हापासून?" वहिनींनी विचारलं.

त्यांनी सहीबद्दल विचारलेलं नाही हे नकाशेवाल्यांना कळलं. "गेल्या हिवाळ्यापासून. धुकं असतं सारखं. आधी वाटलं, चष्मा. मग दोन्हीकडे."

"आणि बोलला नाहीत."

"काय बोलू? बाबांचं तू केलंस ना सगळं. हात धरून नेणं, ताटात काय कुठे वाढलंय ते सांगणं. तुला पुन्हा तेच..." ते थांबले. सासऱ्यांची नजर काचबिंदूने गेली होती, आणि गेलेली ती परत येत नाही, हे वहिनींना कुणी सांगायला नको होतं. "म्हटलं, थोडीफार आहे तोवर चौकट भरून घ्यावी. भरलेली बघावी एकदा."

"आणि पत्रं?"

"पत्रं तशीही वाचता येत नव्हती गं."

वहिनी उठल्या, त्यांच्या शेजारी जाऊन बसल्या. त्यांनी मांडीवरचा अभ्रा त्यांच्या हातात दिला. हे बघा, असं म्हणायची सोय नव्हती. नकाशेवाल्यांनी तो मांडीवर पसरला आणि बोटाने चाचपायला लागले. आधी कोपरा. मग शिवण. मग बोट त्या काळ्या रेषेवर गेलं आणि तिथे थांबलं.

ते बोट पुन्हा फिरलं. मग नख.

"वहिनी," ते म्हणाले. इतक्या वर्षांत त्यांनी बायकोला गल्लीतल्यासारखी हाक कधी मारली नव्हती. मन फार लांब कुठेतरी गेल्याशिवाय मारलीही नसती. "हे खरखरीत लागतंय."

"डाग आहे तो."

"शाईचा डाग हाताला लागत नाही. शाई मुरते. कागदात, कापडात, मिळेल तिथे मुरते. हे वर बसलंय." त्यांनी नखाने खरवडलं. काळा बारीक चुरा त्यांच्या बोटावर आला. त्यांनी तो अंगठ्याने चोळला आणि चोळता चोळता त्यांचे खांदे हलू लागले. वहिनी घाबरल्या. मग कळलं, ते हसताहेत.

"ही शाई नव्हेच. पावडर आहे. झेरॉक्सची. गरम झाली की वितळते. छापील मजकुराला काही झालं का?"

"नाही. गरुडबिरुड सगळा आहे."

"असणारच. कागद खरा, जुना. कुणीतरी सहीविना राहिलेलं प्रशस्तिपत्र मिळवलंय आणि खाली सही मशीनमधून काढलीय. अगं, शंभर वर्षांपूर्वी कुठलं आलंय मशीन? तू सेनापती पुसला नाहीस. तो तिथे नव्हताच."

सकाळपासून वहिनींच्या छातीवर काहीतरी ठेवलं होतं, पाटा म्हणा, अ‍ॅटलास म्हणा, ते कुणीतरी उचललं. मग एकदम त्यांना राग आला.

"भिंग काय नुसतं खणात ठेवायला घेतलंय? पूर्वी तुम्ही एकेका सहीवर तासतास भिंग धरायचात. यावर का नाही धरलंत?"

"धरलं होतं."

"मग?"

"धुकं मोठं दिसलं."

हसावं की रडावं ते कळेना तेव्हा वहिनींनी साडी बदलली. "उठा. डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायचंय. आत्ता."

"आत्ता नको. रविवार होऊ दे."

"एक सेनापती सकाळी लोळवलाय मी," वहिनी म्हणाल्या. "मला दमवू नका."

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या आणि घाईत होत्या, आणि वहिनींना दोन्ही गोष्टींचा धीर आला. गंभीर बातमी सांगायची असली की डॉक्टर घाई करत नाहीत असा त्यांचा अनुभव होता. काळोख्या खोलीत नकाशेवाल्यांची हनुवटी यंत्रावर ठेवली गेली. थेंब पडले. वहिनी कोपऱ्यात पर्सचा बंद बोटाला गुंडाळून बसल्या. सासऱ्यांच्या वेळीही त्या अशाच एका खोलीत बसल्या होत्या, तेव्हाचे डॉक्टर बराच वेळ काही बोलले नव्हते.

"घरात कुणाला काचबिंदू?" बाईंनी विचारलं.

"वडिलांना."

"हं." पुन्हा यंत्र. पुन्हा उजेड, वर बघा, खाली बघा. "डोळ्यातला दाब चांगला आहे. नस चांगली आहे. मागचा पडदा जेवढा दिसतोय तेवढा छान आहे."

"मग धुकं?"

"मोतीबिंदू. दोन्हीकडे. एवढा कशाला पिकवलात? लोणचं घालायचं होतं?" बाईंनी दिवा लावला. "आधी एक डोळा करू, मग दुसरा. काढून लेन्स बसवली की दिसायला लागेल."

"पूर्वीसारखं?" वहिनींनी विचारलं, कारण नकाशेवाले बोलत नव्हते.

"पूर्वी कसं दिसत होतं मला काय माहीत? चांगलं दिसेल."

बाहेर रस्त्यावर उन्हात थेंबांमुळे नकाशेवाल्यांना काहीच दिसेना. वहिनींनी त्यांचा हात धरला. आठवडाभर आधी त्यांनी तो सोडवून घेतला असता. आता ते आरामात ओढले जात होते.

"फुकट गेला की हिवाळा," ते म्हणाले. "रोज सकाळी डोळे उघडायची भीती वाटायची."

"मला सांगितलं असतंत तर दोघांत वाटून घेतली असती. निम्मी निम्मी."

"तू माझी सगळीच घेतली असतीस."

"ते पण खरं."

लाँड्रीच्या पायरीवर नणंद उभीच होती. तिला सगळं एका दमात सांगितलं. तिने आधी भावाच्या पाठीत एक धपाटा घातला, मग डोळे पुसले, मग पुन्हा धपाटा घातला. "आंधळा होणार होतास तर मला आधी सांगायचं. सगळे मळके रुमाल तुझ्याकडे खपवले असते."

रविवारी दातवाले डॉक्टर आले. कडक कॉलर, हातात चामड्याची फाइल, पत्रं न्यायला. कॉलरला वहिनींनी मनातल्या मनात नावं ठेवली, दुसरीकडे इस्त्री करून घेतली होती. नकाशेवाल्यांनी प्रशस्तिपत्र आणि अभ्रा शेजारी शेजारी ठेवले.

"मी इस्त्री केली," वहिनींनी सांगून टाकलं. "तुम्हाला न विचारता. ते चुकलंच."

डॉक्टरांनी अभ्रा डोळ्यांजवळ नेला. खिशातून भिंग काढलं. त्यांच्या डोळ्यांत काही धुकं नव्हतं. बराच वेळ बघून ते खाली बसले आणि त्यांच्या कॉलरसकट सगळे सैल झाले.

"कागद सारखा गुंडाळी व्हायचा ना," ते म्हणाले. "सही मी भिंग धरून बघितलीच नाही. फार खुशीत होतो."

"मीही," नकाशेवाले म्हणाले.

"ज्यांनी विकली त्यांना लिहितो मी. परत घेतात ते, तसं कबूल केलंय." मग थोडं थांबून, "एक सांगू का? सुटल्यासारखं वाटतंय. तुमची ती पाच पत्रं एका सहीसाठी नेणार म्हणून गेला आठवडाभर मला तोंड दाखवायची लाज वाटत होती. आणि नेली असती, ते वेगळं."

"नेली असतीत," वहिनी म्हणाल्या. "मी चहा टाकते."

चहा पिताना डॉक्टर दोनदा काहीतरी बोलायला गेले आणि थांबले. शेवटी कप ठेवून म्हणाले, "वहिनी, माझ्याकडे अजून दोन-तीन आहेत, मला जरा शंका आहे. तुमच्या सवडीने जर..."

"डॉक्टर, मी कपड्यांना इस्त्री करते."

"नाही, म्हणजे अगदी कोमट..."

"भिंग आहे ना तुमच्याकडे? देवाने डोळे धड दिलेत. बघा की." आणि जाताना त्यांना दारात म्हणाल्या, "कॉलरला खळ जास्त झालीय. मान कापेल."

ते गेल्यावर नकाशेवाल्यांनी अल्बम मागितला नाही. रिकाम्या चौकटीबद्दल वहिनींनीच विचारलं, तर म्हणाले, "राहू दे रिकामी. आता घाई नाही." आणि मग, "पत्रं काढ जरा."

वहिनींनी पाचही पत्रं आणून टेबलावर ठेवली. घरातच होती ती, खणातच होती, पण परदेशातून आलेल्या माणसाचं सामान लावावं तसं त्यांनी ती एकेक करून लावली. इतक्या वर्षांत त्यांनी ती कधी हातात घेतली नव्हती.

"कशावर लिहिलंय या लोकांनी?"

"उंचीवर. नकाशावर. पुरवठ्यावर, बर्फावर, वरिष्ठांच्या मूर्खपणावर. माणसांवर कुणी लिहिलं नाही. एकाने सोडून. निळसर कागद असेल बघ, अक्षर जरा तिरपं."

वहिनींनी निळसर कागद उचलला. अक्षर कळण्यासारखं नव्हतं, टोकदार, कुंपणाच्या तारेसारखं. पण तळाची सही त्यांनी पटकन ओळखली, कारण ती बाकीच्यांसारखी नव्हती. पहिलं अक्षर दोनदा सुरू केलेलं दिसत होतं.

"हा अडखळलाय," त्या म्हणाल्या.

"हो. मला सापडला होता तो. तुला सांगायचं राहिलं."

"किती वर्षं राहिलं?"

"पाठ आहे मला," नकाशेवाले घाईने म्हणाले. "पहिल्यापासून शेवटपर्यंत. धर तू, मी सांगतो." त्यांनी डोळे मिटले. "तो लिहितो, तुमच्या प्रश्नाचं उत्तर असं की नकाशा बरोबर होता. नदी नकाशात होती तिथेच होती आणि होती तितकीच खोल होती. मला ते माहीत होतं. तरी मी नदी ओलांडायचा हुकूम काढला आणि त्याखाली सही केली. सही करायला जेवढा वेळ लागतो तेवढाच लागला. किती जण बुडाले ते मी तुम्हाला लिहिणार नाही, तुम्ही तरुण आहात. पण तेव्हापासून मला कशावरही सही करायची वेळ आली, बँकेच्या कागदावर, नातवाच्या प्रगतिपुस्तकावर, अगदी दूधवाल्याच्या पावतीवर, तर दर वेळी मला..."

ते थांबले.

"दर वेळी काय?"

नकाशेवाल्यांचे ओठ हलले. कपाळाला आठी पडली. "दर वेळी मला... थांब हं." त्यांनी पुन्हा दूधवाल्यापासून सुरुवात केली आणि पुन्हा तिथेच येऊन थांबले. "आत्ता होतं."

"अहो, असं काय करता? पाठ आहे म्हणालात ना?"

"होतं. गेल्या महिन्यापर्यंत होतं." त्यांनी डोळे उघडले आणि कागद नाकाशी नेला, लांब धरला, दिव्याकडे फिरवला. मग हताश होऊन वहिनींकडे दिला. "तू बघ. दुसऱ्या पानावर, मधोमध."

"मी काय बघू? मला येतं का ते?"

दोघांनी त्या ओळीकडे बघितलं. एकाला वाचता येत होतं पण दिसत नव्हतं, दुसरीला दिसत होतं पण वाचता येत नव्हतं. आधी नकाशेवाले हसले. मग वहिनी हसल्या त्या अशा, की खालून नणंदेने काय झालं म्हणून हाक मारली.

"मंगळवारी ऑपरेशन झालं की एक डोळा उघडेल," नकाशेवाले डोळे पुसत म्हणाले. "त्यानंतर सगळ्यात आधी हीच ओळ वाचून दाखवतो तुला."

"दाखवा," वहिनी म्हणाल्या, आणि त्यांनी पत्राची घडी होती तशीच घालून ते आपल्या बाजूला ठेवून घेतलं.